नळीचा व्यास आणि माळाची शिकार

शिकाऱ्याने आपल्या बंदुकीच्या नळीचा व्यास ठरविणे म्हणजे समोरच्या जनावराचे अंगमान, मधले अंतर आणि स्वतःच्या हाताचे स्थैर्य या तिहींचा मेळ घालणे होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि आफ्रिकेच्या माळरानावर हरिणांच्या शिकारीस प्रथमच निघालेल्या मनुष्यास त्याचे अनुभवी स्नेही जो सल्ला देतात, तो याच समजुतीवर उभा असतो. परंतु हाच प्रश्न घेऊन आपल्या मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या मुलखाच्या मागील दोन-तीन शतकांकडे पाहू गेल्यास असे दिसून येते की, येथे नळीचा व्यास शिकाऱ्याने क्वचितच निवडला. तो बहुधा राज्यकर्त्यांच्या संशयाने निवडला, आणि त्या निवडीची किंमत माळावरच्या मुक्या जनावरांनी आणि त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याने मोजली. शस्त्रांच्या इतिहासात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती येथे सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. बालाघाटाच्या अंगाखांद्यावर पसरलेला औसा, लातूर, अहमदपूर, उदगीर हा उघडा पठारी प्रदेश, त्यातून वाहणारी मांजरा, कंधारावरून उतरणारी मन्याड, पुढे गोदावरीच्या खोऱ्यातील नांदेडची काळी कसदार जमीन, आणि अगदी उत्तरेस पैनगंगेच्या आश्रयाने वाढलेले माहूर-किनवटचे सागवानी जंगल, असा हा मुलूख आहे. किनवटचे जंगल वाघ-बिबट्यांचे. पण उरलेला सारा प्रदेश काळवीट, चिंकारा, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांचा. ज्वारीची ताटे काढून नेल्यावर या रानात कोसभर नजर पोहोचते, आणि जेथे माणसाची नजर पोहोचते तेथे हरणाची नजर त्याच्याही आधी पोहोचलेली असते. झाडीत वाघाची गाठ पंधरा-वीस पावलांवर पडते; माळावर काळवीट दोन-अडीचशे पावलांच्या आत येऊ देत नाही. शिवाय पूर्ण वाढलेल्या काळविटाचे वजन पस्तीस-चाळीस किलो, तर नर रोह्याचे दोनशे किलोंच्या वर. एकाच बांधावर उभ्या राहणाऱ्या या दोन जनावरांना एकच गोळी सारखी लागू पडत नाही, आणि माळाच्या शिकारीतील सारा शस्त्रविचार या दोन अडचणींतून, म्हणजे अंतरातून आणि वजनातून, उत्पन्न झालेला आहे.

बंदूक येण्यापूर्वी या अडचणीचे उत्तर पारध्यांनी शोधून ठेविले होते, आणि ते उत्तर अंतर तोडण्याचे नसून अंतरच नाहीसे करण्याचे होते. फासेपारध्याची रीत अशी: तातीचे अनेक फास एका लांब दोरीला ओळीने बांधावयाचे, दोरी खुंट्यांनी जमिनीलगत ताणावयाची, आणि मग शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने, तो चरतो आहे असे भासवीत, कळपाच्या दुसऱ्या अंगास वळसा घालून जनावरे हळूहळू त्या ओळीकडे लोटावयाची. बैलाची पावले थांबली की पारधी थांबे, बैलाने मान खाली घातली की तो वाके. कळपाला गुरापलीकडे काहीच दिसत नसे. कधी माणसाळलेल्या नर काळविटाच्या शिंगांना फास अडकवून त्याला रानातल्या कळपात सोडीत. तेथला मुख्य नर झुंजीला येई आणि त्याचीच शिंगे फासात गुंतत. चित्तेपारधी डोळ्यांवर झापड घातलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेत आणि योग्य क्षणी झापड काढीत. ही विद्या राजदरबारांनीही उचलली होती. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते मागवून तिची जोपासना केली. पण ज्यांची ही मूळची विद्या, त्या पारध्यांवर मात्र इंग्रजी मुलखात १८७१ च्या कायद्यानंतर गुन्हेगार जमात हा शिक्का बसू लागला आणि तो १९५२ सालापर्यंत पुसला गेला नाही. ज्याला जनावराची अत्यंत सूक्ष्म जाण होती, त्याच्या हातातून साधने काढून घेण्याची ही रीत पुढे बंदुकीच्या बाबतीतही चालू राहिली.

बंदूक या मुलखात फौजेबरोबर आली. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा जो पराभव केला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींचा आणि तोफखान्याचा मोठा हात होता, हे सर्वश्रुत आहे. फौजा निघून गेल्या, तरी तोड्याची बंदूक देशमुखांच्या, पाटलांच्या आणि गढीवरच्या शिबंदीच्या घरी राहिली. ती भरणे हे सावकाशीचे काम होते. शिंगड्यातून मोजून दारू नळीत ओतावयाची, वर चिंधीचा बोळा, मग शिशाची गोळी, ते सारे गजाने ठासून बसवावयाचे. कानाशी रंजक घालावयाची आणि पेटत्या तोड्याचे टोक फुंकून लाल ठेवावयाचे. इतके झाल्यावर बार एकच. आणि वाऱ्याच्या एका झुळकीने रंजक उडाली, किंवा तोड्याच्या धुराचा वास कळपाकडे गेला, की सारा उद्योग फुकट. म्हणून अशा बंदुकीचा शिकारी पाणवठ्यावर किंवा पिकाच्या कडेला रात्री दबा धरून बसे आणि जनावर अगदी समोर आल्याखेरीज बार टाकीत नसे. साधनाच्या दुबळेपणानेच त्याच्यावर संयम लादला होता.

या बंदुकांची नळी घडविणारे लोहारही परके नव्हते. निर्मळच्या दक्षिणेस, आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम या गावी मुशीतून काढलेले पोलाद इतके नामांकित होते की इराणी व्यापारी ते विकत घेण्यासाठी तेथे येऊन राहत, डॉ. हेन्री व्हॉयझी या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कारखाने प्रत्यक्ष पाहिले, आणि त्यांचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. गोदावरीच्या खालच्या अंगास असे पोलाद निघत असता वरच्या अंगाच्या मराठी मुलखाला पुढे काडतुसासाठीही परवान्याची वाट पाहावी लागावी, ही गोष्ट कारागिरीच्या अभावातून घडली नव्हती.

शिकारीच्या मागे काही नीतिविचार असावा, ही जाणीवही या भूमीला नवी नव्हती. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी नांदेडास आले. गोदावरीकाठच्या शिकारघाट या स्थानी त्यांनी एका सशाची शिकार केली आणि त्या देहात अडकलेल्या एका पूर्वजन्मीच्या भक्ताला मुक्ती दिली, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. आणि नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात शस्त्रांचा आदर आजही उपासनेचा भाग आहे. श्रद्धेचा विषय श्रद्धेपुरता ठेवूनही त्या कथेतील एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे: मारणाऱ्यावर मरणाऱ्याच्या गतीचे उत्तरदायित्व येते.

एकोणिसाव्या शतकात विलायती शिकारी या माळावर आले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी नांदेडच्या शेजारी हिंगोलीस होती, आणि फुरसतीच्या दिवसांत काळविटामागे जाणे हा तत्कालीन लष्करी अधिकाऱ्यांचा नित्याचा परिपाठ होता. त्यांच्या बंदुकांचे माप वजनावर चाले: एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोल गोळ्या होतील, तो नळीचा अंक. बारा गोळ्या झाल्या तर बारा बोअर, म्हणजे नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. अंक वाढेल तशी नळी लहान. गोल गोळी जवळून जबर आघात करी, पण तिचा वेग लवकर ओसरे आणि शंभर पावलांपलीकडे ती झपाट्याने खाली येई. मध्य प्रांतात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि नळीतील खाचांना अगदी मंद पीळ देऊन गोल गोळीमागे भरपूर दारू भरावी असा पक्ष हिरिरीने मांडला. त्याच सुमारास ‘एक्स्प्रेस’ रायफली निघाल्या: लांबट हलकी गोळी आणि तिच्या मागे दारूचा मोठा भार, जेणेकरून दीडशे पावलांपर्यंत माशी न बदलता सरळ नेम धरता यावा. .४५० आणि .५०० इंच व्यासाच्या या एक्स्प्रेस रायफली हिंदुस्थानच्या हरिणशिकारीत विशेष लोकप्रिय झाल्या, कारण माळाच्या अंतराला प्रथमच त्यांनी काहीसे समाधानकारक उत्तर दिले.

नेमके येथेच राज्यकारभार मध्ये आला. १८५७ च्या उठावात .५७७ व्यासाच्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाने काय आग पेटविली हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी शस्त्रांविषयीचा कायदा झाला, १८६० साली दुसरा झाला, आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वसाधारण गुन्हा ठरला. नांदेड-लातूर ज्यात होते तो निजामाचा मुलूख वेगळा खरा, पण इंग्रजी धोरणाची छाया त्याच्यावरही पडलीच: १८५३ च्या तहाने वऱ्हाडासह नळदुर्गचा जिल्हा इंग्रजांकडे गेला, आजच्या धाराशिव भागाचा कारभार कर्नल मेडोज टेलर यांनी तेथूनच पाहिला, आणि १८६० साली तो जिल्हा निजामास परत मिळाला. शस्त्र आणि काडतूस बहुतेक मुंबई-मद्रासच्या बंदरांतून यावयाचे. त्यामुळे सरहद्दीवर काय अडविले जाते आणि काय सोडले जाते, यावर हैदराबादच्या शिकाऱ्याचीही निवड ठरत असे.

या धोरणाचे सर्वांत ठळक उदाहरण .४५० या व्यासाचे. ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी याच व्यासाची होती. फौजेने ती रायफल टाकून दिल्यावरही हिंदुस्थानात आणि सुदानात तशा कितीतरी रायफली राजद्रोही टोळ्यांच्या हाती असल्याचा सरकारास धसका होता. शिकाऱ्यासाठी आलेल्या काडतुसातून गोळी काढून ती त्या जुन्या रायफलींत वापरली जाईल, या भयाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली. लंडनच्या बंदूककारांनी लागलीच .४६५, .४७०, .४७५ असे थोडे सरकलेले व्यास काढले. वाघाचे किंवा गव्याचे अंग तेव्हा बदलले नव्हते. बदलली होती ती केवळ सरकारची धास्ती, आणि तिच्यामुळे जगातील नामवंत शिकारी काडतुसांची एक संपूर्ण पिढी जन्मास आली. आज आफ्रिकेत हत्ती-रेड्यांसाठी जी .४७० वापरतात, तिचे आकारमान हिंदुस्थानच्या बंदरांवरील या मनाईने ठरले आहे.

हलक्या रायफलींचीही तीच कथा. १८८८ पासून .३०३ हे फौजेचे माप झाले. म्हणून ते रयतेस वर्ज्य ठरले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या फौजेने घेतलेले आठ मिलिमीटरचे काडतूस, हिंदुस्थानातील कोणत्याही सरकारी रायफलीत बसत नाही एवढ्याच गुणावर, .३१५ या नावाने येथील शिकाऱ्याच्या हाती आले. पुढे बंगालातील इशापूरच्या रायफल कारखान्यातून याच मापाची रायफल तयार होऊ लागली, आणि स्वातंत्र्यानंतर परवानाधारक भारतीयाच्या घरी कोणती रायफल, या प्रश्नाचे बहुतांशी तेच उत्तर झाले. वस्तुतः बिनधुराच्या दारूनंतर माळाला सर्वांत योग्य अशी मापे जगाला गवसली होती: .२५६ ची मॅनलिखर; बोअर युद्धात ब्रिटिशांना जिची झळ बसली ती सात मिलिमीटरची माउझर, जिला लंडनच्या रिग्बीने .२७५ हे नाव दिले आणि जी जिम कॉर्बेटच्या हाती प्रसिद्धीस आली; आणि १९१२ साली निघालेली .३७५, जी हरणापासून रेड्यापर्यंत चालते. पहिल्या दोहोंची गोळी दोन-अडीचशे पावलांपर्यंत जवळजवळ सपाट जाते, धक्का सौम्य असल्याने नेमबाजाचा खांदा दचकत नाही, आणि काळविटाच्या खांद्यामागे ती अचूक बसली तर जनावराला दुसऱ्या उडीचेही भान राहत नाही. परंतु अशा रायफली मोठे अधिकारी, जहागीरदार आणि संस्थानिक यांच्याच आवाक्यातल्या. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे स्वतः नामांकित नेमबाज होते, आणि १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या हैदराबादेतील वाघाच्या शिकारीची राजा दीनदयाळ यांनी काढलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. त्या छायाचित्रांत जी बंदूक दिसते, ती कंधार-मुखेडच्या शेतकऱ्याने कधी हातात धरली नाही.

त्याच्या वाट्यास ठासणीची बंदूक राहिली, तीही ताल्लुकदाराच्या कचेरीतील परवान्याच्या आधीन. १९४८ साल उजाडले तेव्हा तर बंदूक या वस्तूचा अर्थच पालटून गेला. रझाकारांचा उच्छाद माजला, सिडनी कॉटन नावाचा विदेशी वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी हैदराबादेस शस्त्रे पोहोचवू लागला, आणि सरहद्दीवरील कॅम्पांतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे तरुण मिळेल त्या हत्याराने झुंजू लागले. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत निजामी सत्ता कोसळली. पण गावोगावच्या हत्यारांकडे संशयाने पाहण्याची सरकारी नजर नव्या राजवटीतही कायम राहिली, आणि नुकत्याच होऊन गेलेल्या रक्तपाताचा विचार करता ती तशी राहिली याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदरचे तालुके उस्मानाबादेस जोडले गेले; १९८२ साली उस्मानाबादेतूनच लातूर जिल्हा घडला. या अवधीत १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ साली अमलात आला. फौजी मापाची शस्त्रे निषिद्ध, हे जुने तत्त्व त्याने कायम ठेविले; आणि पिकांच्या राखणीसाठी शेतकऱ्यास द्यावयाच्या परवान्याचा त्यात उल्लेख आला तो ठासणीच्या बंदुकीचा. विलायती शिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच अपुरे म्हणून टाकून दिलेले साधन शेतकऱ्याला बहुधा पुरेसे आहे, असे येथे गृहीत धरले गेले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळाची शिकार संपविली, काळविटास पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण मिळाले, आणि ते अगदी योग्यच झाले. कारण जीपगाडी, झगझगीत दिवा आणि बेताल बंदूक यांनी दोन दशकांत दख्खनच्या माळावरचे कळप नाहीसे करीत आणले होते. ज्या संयमाला तोड्याच्या बंदुकीने जन्म दिला, तो साधन सुधारताच गळून पडला, हे कटू सत्य शिकारीच्या अभिमान्यांनीही मान्य केले पाहिजे.

आता आफ्रिकेकडे वळू. नामिबियातील माळरानावर स्प्रिंगबक हे हरीण आपल्या काळविटाच्या वजनाचे, तर कुडू हे रोह्याच्या तोडीचे. भूमीही तशीच उघडी, नजरेचे अंतर तेच. तेथील कायदा नळीच्या व्यासाविषयी नव्हे, तर गोळीच्या ऊर्जेविषयी बोलतो: स्प्रिंगबकसारख्या लहान हरणास किमान १,३५० ज्यूल, कुडू किंवा गेम्सबक यांस २,७००, आणि हत्ती-रेड्यांस ५,४००. म्हणून प्रथमच जाणाऱ्यास सात मिलिमीटर माउझर किंवा .३०-०६ सुचवितात, मोठ्या जनावरांचाही विचार असल्यास .३७५, आणि सर्वांहून मोठा उपदेश हा की, ज्या रायफलीचा धक्का तुला सहन होतो आणि जिच्यावर तुझा हात बसला आहे, तीच ने. हा आकड्यांचा तपशील बारकाईने पाहिला तर त्यात दडलेली दृष्टी दिसते. तेथे सरकार शिकाऱ्यास सांगते की, याहून दुबळे शस्त्र वापरू नकोस, कारण जनावर तडफडत मरेल. आपल्याकडे दीडशे वर्षे सरकार सांगत आले की, याहून प्रबळ किंवा याच मापाचे शस्त्र बाळगू नकोस, कारण ते माझ्यावर उलटेल. एका कायद्याच्या केंद्रस्थानी प्राण्याची वेदना आहे, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी प्रजेविषयीचा अविश्वास.

हा भेद केवळ इतिहासाचा नाही. आज नांदेड-लातूरच्या शिवारात रोही आणि रानडुक्कर यांचे कळप सोयाबीन, हरभरा, तूर रातोरात तुडवून जातात. १९७२ च्या कायद्यातील ११ व्या कलमाप्रमाणे ठरावीक परिस्थितीत, वनखात्याच्या लेखी अनुमतीने, अशा उपद्रवी जनावरास मारण्याची तरतूद आहे. पण ती अनुमती मिळाल्यावर ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरून अंधारात रोह्यावर बार टाकला जाणार असेल, तर जनावर दूरच्या ओढ्यात जाऊन दिवसेंदिवस कुजत मरेल, आणि शेतकऱ्याचे पीकही वाचणार नाही. उलट दूरवर जाणारी रायफल अनभ्यस्त हाती दिली, तर या सपाट मुलखात चुकलेली गोळी कोसभर पुढच्या आखाड्यावर झोपलेल्या माणसाचा प्राण घेऊ शकते. यास्तव मोकाट परवाने वाटणे हा उपाय नव्हे. नेमबाजीची परीक्षा दिलेले, वनखात्याच्या देखरेखीखाली काम करणारे मोजके लोक, त्यांच्या हाती त्या त्या जनावरास साजेशी किमान ऊर्जेची रायफल, गोळीला मागे मातीचा आडोसा असल्याखेरीज बार न टाकण्याचा नियम, आणि जखमी जनावराचा माग काढण्यासाठी पारधी समाजातील जाणत्या माणसांना सन्मानाने व पगारी नेमण्याची व्यवस्था, इतके तरी अनुमतीच्या कागदात लिहिलेले असले पाहिजे.

शस्त्राचा परवाना कोणास द्यावा, याचा निर्णय राज्य आपल्या सुरक्षिततेकडे पाहून घेईल, आणि तो त्याचा अधिकारही आहे. परंतु एकदा जनावर मारण्याची अनुमती दिली की ते कसे मरावे याचेही उत्तरदायित्व अनुमती देणाऱ्यावर येते. ते त्याने पत्करले, तर नळीच्या व्यासाचा अंक या भूमीवर प्रथमच त्या जनावराकडे पाहून ठरविला जाईल. आणि शेतकऱ्याचे पीक राखण्याचा न्याय्य हक्क व जनावराचा यातनेवाचून मरण्याचा हक्क हे दोन्ही एकाच कायद्यात सामावू शकतील.